गॉबलडीगूक आणि आपली कचेरीतली मराठी

मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहते. 1939 ते 1941 या काळात या शहराचा महापौर असलेल्या मॉरी मॅव्हरिक याने इंग्रजीला एक गमतीदार शब्द दिला : गॉबलडीगूक. दुसरे महायुद्ध चालू असताना, 1944 साली, तो वॉशिंग्टनमध्ये स्मॉलर वॉर प्लान्ट्स कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाचा अध्यक्ष होता. लांबलचक आणि पोकळ टिपणांना विटून त्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढले : थोडक्यात लिहा आणि कशाविषयी लिहीत आहात ते सांगा. 'अ‍ॅक्टिव्हेशन' किंवा 'इम्प्लिमेंटेशन' लिहिणाऱ्याला गोळी घातली जाईल, अशी तंबीही त्यात होती. अशा भाषेला त्याने गॉबलडीगूक म्हटले. हा शब्द कुठून सुचला, असे विचारल्यावर, टेक्सासमधला छाती फुगवून ऐटीत फिरणारा आणि सतत 'गॉबल गॉबल' करणारा टर्की नर आपल्या मनात असावा, असे त्याने सांगितले. (त्याचे आजोबा सॅम्युएल मॅव्हरिक आपल्या गुरांना डागत नसत, त्यावरून बिनडागी वासराला आणि पुढे कळपात न मावणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'मॅव्हरिक' म्हणू लागले.)

गॉबलडीगूक म्हणजे अवघड शब्द नव्हेत. दोन शल्यविशारद एकमेकांशी बोलताना जे शब्द वापरतात ते मला कळत नाहीत, पण त्यांना ते नेमके कळतात. ती त्या व्यवसायाची परिभाषा झाली. जे लिहिणाऱ्यालाही नीटसे सांगायचे नसते आणि वाचणाऱ्याला कळले नाही तरी चालणार असते, ते गॉबलडीगूक. मराठीत आपण 'बोजड', 'क्लिष्ट' किंवा 'शब्दबंबाळ' म्हणतो, पण ही शैलीला लावलेली विशेषणे आहेत. लिहिणाऱ्याला ओशाळे करील असे नाम आपल्याकडे रूढ नाही. ज्या भाषेत किलबिलाट, भुणभुण आणि कटकट आहे, तिला असा शब्द जड जाऊ नये.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा मला इथेही मनापासून आनंद झाला. पुढच्याच वर्षी पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रात वाद पेटला आणि जूनअखेरीस शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. मराठीचे स्थान काय, कारभारात ती किती वापरली जाते, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण महाराष्ट्राचा राजभाषा कायदा 1964 चा आहे, आणि इतक्या वर्षांत आपण मराठी किती हे मोजत राहिलो. ती कळते का, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

यावर नेहमीचे उत्तर असे की, संस्कृत शब्दांनी घोटाळा केला. मला ते पटत नाही. वर मी सहज लिहून गेले तो 'महापौर' शब्द सावरकरांनी रुजवला, आणि आज तो सगळ्यांच्या तोंडी आहे. उलट शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी जमीन, कायदा आणि वसूल आपल्याजवळ राहिलेच. लोक उपयोगाचा शब्द कुठूनही उचलतात. गाव नमुना सात आणि बारा या रुक्ष क्रमांकांतून त्यांनी 'सातबारा' घडवला. दोष वाक्यात आहे : 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी.' या वाक्यात कळवणारा नाही आणि करणाराही नाही, मग जबाबदारी कोणाची?

इथे अमेरिकेत सारे सुबोध आहे, असा माझा दावा नाही. सरकारी खात्यांनी जनतेसाठी स्पष्ट लिहावे, असा संघराज्याचा कायदा 2010 साली झाला, तरीही करविवरण भरण्यासाठी लाखो लोक पैसे मोजून जाणकार गाठतात. ब्रिटनमध्ये क्रिसी माहेर यांनी 1979 साली संसदेसमोर सरकारी अर्जांचे तुकडे करून सुबोध इंग्रजीची मोहीम सुरू केली, तेव्हा कुठे तिकडच्या कचेऱ्या हलू लागल्या. फरक एवढाच की, दुर्बोध कागद हातात आला, तर इथला सामान्य माणूस आपण अडाणी आहोत असे समजत नाही. कागदालाच नाव ठेवतो.

गेल्या वर्षी आजोबांच्या जमिनीच्या वारसनोंदीबाबत आमच्या अण्णांना गावाकडच्या एका कचेरीतून दीड पानाचे पत्र आले. अण्णा निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी ते तीनदा वाचले, मला फोनवरून वाचून दाखवले, आणि 'मला आता वयामुळे उमगत नसेल' असे म्हणाले. ते ऐकून मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन कचेरीत गेले, तेव्हा तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने अगदी आपुलकीने सांगितले, "काका, दोन्ही आत्यांच्या सह्या राहिल्यात. तेवढ्या आणून द्या, म्हणजे झालं." पत्र त्यानेच लिहिले होते.