‘सिंधी उभे राहिले, पॅलेस्टिनी का नाही?’ या संदेशाला मुद्देसूद उत्तर

सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा आशय असा: फाळणीनंतर उल्हासनगरला सिंधी रिकाम्या हातांनी आले आणि काही वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहिले, पॅलेस्टिनी मात्र १९४८ पासून आजतागायत निर्वासितच. कारण जगात फक्त त्यांनाच निर्वासितपण वारशाने मिळतं, बावीस अरब देशांपैकी एकानेही त्यांना आपलं म्हटलं नाही, आणि संयुक्त राष्ट्रांची ‘उन्रवा’ ही संस्था त्यांना फुकट पोसते, चिलीतल्या श्रीमंत पॅलेस्टिनींनाही निर्वासितच मोजते. ती बंद केली की प्रश्न मिटला.

यात दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, त्या जिथल्या तिथे मान्य केल्या आहेत. बाकीचं कायदे आणि कागदपत्रं समोर ठेवली की टिकत नाही.

‘सिंधी कष्टाने उभे राहिले’

कष्टांबद्दल वादच नाही. पण कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरलेल्या त्या माणसाच्या पाठीशी लवकरच राज्यघटनेचं सहावं कलम आलं. १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथे स्थायिक झालेला नागरिक ठरला. त्यानंतर आलेल्याने सहा महिने राहून अर्ज करायचा आणि नाव नोंदवून घ्यायचं. नागरिकत्वाची ही कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली, बाकीच्या घटनेसारखी जानेवारीपर्यंत थांबली नाहीत. पुढे १९५४ च्या कायद्याने पाकिस्तानात सुटलेल्या मालमत्तेचे दावे तपासून भरपाई देण्याची सोय केली. मतदान, पासपोर्ट, दुकानाचा परवाना, जागेची मालकी हे सगळं त्यातूनच शक्य झालं.

त्याच काळात पॅलेस्टाईनमधून सात लाखांहून अधिक लोक बाहेर फेकले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावात म्हटलं की ज्यांना शेजाऱ्यांसोबत शांततेने राहायचं आहे त्यांना परत जाऊ द्यावं, आणि जे जाणार नाहीत त्यांना मालमत्तेची भरपाई द्यावी. इस्रायलने उलट केलं. १९५० च्या ‘अनुपस्थितांची मालमत्ता’ कायद्याने त्यांची घरं-जमिनी एका सरकारी कस्टोडियनकडे गेल्या. १९५२ च्या नागरिकत्व कायद्याने अरब रहिवाशाला अट घातली: १ मार्च १९५२ ला नोंदणीत नाव हवं, १४ जुलै १९५२ ला तो देशात हजर हवा, आणि इस्रायलच्या स्थापनेपासून त्या दिवसापर्यंत तो सलग तिथेच राहिलेला किंवा कायदेशीर मार्गाने परतलेला हवा. सीमेपलीकडच्या छावणीत असलेला माणूस ही अट पुरी करणार कशी? १९५४ च्या घुसखोरीविरोधी कायद्याने चोरून परतणं हा गुन्हा ठरला.

‘निर्वासितपण वारशाने फक्त त्यांनाच’

हे सरळसरळ खोटं आहे. संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय बाकी जगातले निर्वासित सांभाळतं, आणि कुटुंब एकत्र ठेवण्याच्या तत्त्वावर तेही निर्वासितांच्या मुलांना तोच दर्जा देतं. केनियातल्या दादाब छावण्या १९९१ पासून आहेत. तिथे जन्मलेल्या सोमाली मुलांची मुलंही निर्वासित म्हणून नोंदलेली आहेत. अल्जीरियात तिंदूफजवळ राहणाऱ्या, पश्चिम सहारातून पळालेल्या साहरावींचं १९७५ पासून हेच चाललंय. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीत जन्मलेल्या अनेक तिबेटींकडेही आज परदेशी म्हणून नोंदणी प्रमाणपत्रच असतं.

उलट उन्रवाचा नियम अधिक अरुंद आहे. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात जो पॅलेस्टाईनमध्ये राहत होता आणि १९४८ च्या संघर्षात ज्याचं घर आणि उपजीविका दोन्ही गेलं, तो मूळ निर्वासित. पुढची नोंद बापाच्या बाजूने चालते. मुलीने निर्वासित नसलेल्याशी लग्न केलं तर तिच्या मुलांना २००६ पासून शाळा-दवाखान्याच्या सेवा मिळतात, पण नोंदणीकृत निर्वासित म्हणून ती मोजली जात नाहीत.

हा दर्जा संपतो कसा, ते टांझानियात दिसलं. १९७२ मध्ये बुरुंडीतून पळालेल्यांची तिसरी पिढी तिथे निर्वासितच होती. २०१४ मध्ये टांझानियाने सुमारे १ लाख ६२ हजार जणांना नागरिकत्व दिलं आणि विषय संपला. नोंदवही कोणाची होती याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

एक फरक मात्र खरा आहे. नव्या देशाचं नागरिकत्व मिळालं की उच्चायुक्तालयाच्या नियमाने निर्वासितपण संपतं. उन्रवा नाव काढत नाही. म्हणून जॉर्डनचे नागरिक असलेले बरेच जण तिच्या सुमारे ५९ लाखांच्या यादीत आहेत. त्यावर जरूर वाद घाला. पण ते सगळे वगळले तरी तीसेक लाखांहून अधिक लोक उरतात. शिवाय नागरिकत्व मिळालं म्हणून घराचा दावा बुडत नाही. १९५४ च्या आपल्या कायद्याने भारताचे नागरिक झालेल्यांनाही भरपाई दिली होती.

‘बावीस अरब देशांपैकी एकानेही नाही’

जॉर्डनने दिलं. १९५४ च्या कायद्याने तिथे राहणाऱ्या पॅलेस्टिनींना सरसकट नागरिकत्व मिळालं. त्यातही भोकं आहेत: १९६७ मध्ये गाझातून आलेल्यांना राष्ट्रीय क्रमांक नसलेला, दोन वर्षं मुदतीचा तात्पुरता पासपोर्ट मिळतो आणि सरकारी नोकरीचं दार बंद राहतं. जेराशची छावणी मुख्यतः त्यांचीच, म्हणून तिला लोक गाझा छावणीच म्हणतात. सीरियाने १९५६ च्या २६० क्रमांकाच्या कायद्याने नोकरी, व्यापार आणि लष्करी सेवेत सीरियनांच्या बरोबरीने वागवलं, नागरिकत्व आणि मतदान मात्र दिलं नाही.

कुवेतमध्ये १९९० पर्यंत सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. शिक्षक, इंजिनिअर, कारकून, चांगले स्थिरावलेले. इराकने कुवेत बळकावल्यावर आणि त्यानंतरच्या आखाती युद्धानंतर त्यांतले बहुतेक बाहेर गेले. १९९५ मध्ये गद्दाफीने लिबियातून हजारोंना हाकललं, आणि बरेच जण इजिप्तच्या सीमेवर तंबूंत अडकून पडले. इजिप्तने दिलेला प्रवासाचा दस्तऐवज हातात असला तरी इजिप्तमध्ये शिरायला व्हिसा लागतोच. राहण्याचा परवाना हे नागरिकत्व नव्हे, हे त्या कुटुंबांना घर-सामान सोडून जाताना कळलं.

लेबनॉनच्या बाबतीत मात्र संदेशातला आरोप बरोबर आहे, आणि तो लेबनॉनच्या सरकारवरच ठेवला पाहिजे. तिथली यंत्रणा नीट पाहण्यासारखी आहे. परदेशी माणसाला डॉक्टरकी, इंजिनिअरिंगसारख्या व्यवसायांत प्रवेश हवा असेल तर मुख्य अट परस्परतेची: तुमच्या देशात लेबनीज माणसाला ती मुभा असली पाहिजे. ज्याला देशच नाही त्याने परस्परता आणायची कुठून? मग पॅलेस्टिनी इंजिनिअर नकाशा काढतो, सही लेबनीज इंजिनिअर करतो आणि पगार त्याप्रमाणे ठरतो. २०१० मध्ये कायदा थोडा सैल झाला: कामाच्या परवान्याची फी माफ झाली, परवाना घ्यावाच लागतो. सामाजिक सुरक्षा निधीत पूर्ण वर्गणी भरावी लागते, पण पॅलेस्टिनी कामगाराला त्यातून नोकरी संपतानाची रक्कम तेवढी मिळते. आजारपण आणि बाळंतपणाचा लाभ नाही. मालक हिशेब करतो आणि माणसाला कागदावर आणतच नाही.

घराचंही तसंच. २००१ च्या २९६ क्रमांकाच्या कायद्याने, मान्यताप्राप्त देशाचं नागरिकत्व नसलेल्याला स्थावर मालमत्ता घेता येत नाही. ज्यांनी आधी हप्त्यांवर फ्लॅट घेतले होते पण खरेदीखत नोंदवलं नव्हतं, त्यांची नोंदणी अडकली. वारसांच्या नावावरही घर चढत नाही. मग लेबनीज बायकोच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावावर घ्यायचं, आणि तो माणूस वारला की त्याच्या वारसांच्या दयेवर राहायचं. बायको लेबनीज असली तरी मुलं लेबनीज होत नाहीत, कारण तिथे नागरिकत्व बापाकडूनच येतं.

छावणीची हद्द वाढत नाही, म्हणून घरं वर चढतात. बैरूतमधल्या बुर्ज अल-बराज्नेह छावणीच्या गल्ल्यांत दोन माणसं एकमेकांना ओलांडताना अंग चोरतात. डोक्यावर विजेच्या तारांची जाळी आणि त्यातूनच गेलेले पाण्याचे पाइप. पाइप गळला की पाणी तारांवर पडतं. शॉक लागून तिथे माणसं मेली आहेत. दक्षिणेकडच्या छावण्यांत सिमेंट-सळ्या नेण्यासाठी लष्कराचा परवाना लागतो, त्यामुळे दुरुस्ती रखडते.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१७ च्या गणतीत लेबनॉनच्या छावण्या आणि वस्त्यांत १,७४,४२२ पॅलेस्टिनी सापडले. उन्रवाच्या यादीत त्याच्या अडीचपटीहून जास्त नावं आहेत. यादीतला आकडा म्हणजे आज तिथे राहणारी माणसं असं कोणी समजू नये. फार मोठ्या संख्येने लोक देश सोडून गेले आहेत.

‘उन्रवा बंद केली की झालं’

उन्रवा १ मे १९५० ला सुरू झाली. ती शाळा, दवाखाने आणि मदतकार्य चालवते. छावणीची जागा यजमान देश देतो. तिथे उन्रवाचं राज्य चालत नाही, नागरिकत्व देण्याचा किंवा काढण्याचा अधिकार तर मुळीच नाही. सरसकट सर्वांना रेशन वाटणं १९८० च्या दशकातच थांबलं. सर्वात मोठा खर्च शिक्षणावर होतो.

उन्रवाशिवाय काय होतं तेही दिसलेलं आहे. इराक तिच्या कार्यक्षेत्रात कधीच नव्हता. २००३ नंतर बगदादमधल्या पॅलेस्टिनींवर हल्ले सुरू झाले तेव्हा सीरियाने आणि जॉर्डनने त्यांतल्या अनेकांना आत घेतलं नाही. इराक-सीरिया सीमेवरच्या अल-तन्फ आणि अल-वलीदच्या वाळवंटी छावण्यांत ते वर्षानुवर्षं राहिले. त्यांना मुख्यतः उच्चायुक्तालयच सांभाळत होतं, तरीही ते निर्वासितच होते. शेवटी गट पाडून काही चिलीला, थोडे आइसलंडला पाठवले गेले, तेही त्या देशांनी जागा दिल्या म्हणून. जगातल्या एकूण निर्वासितांपैकी अशी जागा दरवर्षी एक टक्क्यालाही मिळत नाही.

‘चिलीतले श्रीमंतही निर्वासितच मोजतात’

मोजत नाहीत. चिलीतला मोठा पॅलेस्टिनी समाज मुख्यतः बेथलेहेम, बेत जाला, बेत साहूर या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, उस्मानी (तुर्की साम्राज्याच्या) पासपोर्टवर गेला. त्यांचा सँटियागोमधला फुटबॉल क्लब १९२० चा आहे, उन्रवाच्या तीस वर्षं आधीचा. ते चिलीचे नागरिक आहेत. उन्रवाचं क्षेत्र फक्त जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, वेस्ट बँक आणि गाझा एवढंच. पॅलेस्टाईनवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांच्या १९२५ च्या नागरिकत्व आदेशाने तर या स्थलांतरितांपैकी अनेकांना पॅलेस्टाईनचं नागरिकत्वच नाकारलं, कारण १ ऑगस्ट १९२५ ला ते तिथे राहत नव्हते.