‘ताणून बसवा, सिलिकॉन भरा, दार आपटा’ : जुन्या मोटारीच्या रबर सीलविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या मोटारी जपणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : दारांची, काचांची आणि डिकीची रबरे बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. रबर कोणतेही चालते, जाडी जुळली की झाले. जुने रबर उपटून काढावे, खाचेत व्हॅसलीन किंवा ग्रीस चोपडावे आणि नवे रबर चांगले ताणून बसवावे, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. पुढची काच रबरासह दाबून बसवावी. शंका वाटेल तिथे सिलिकॉन भरावे. दार लागत नसेल तर काही दिवस जोरात आपटावे, रबर आपोआप दबते. जुने रबर फारसे गेलेले नसेल तर ब्रेक ऑइल चोळून ते पुन्हा मऊ करता येते, अशी पुरवणीही त्याला जोडलेली असते.

हा सल्ला का पसरतो, हे समजणे कठीण नाही. त्यातली प्रत्येक कृती पहिल्या दिवशी यशस्वी झाल्यासारखी दिसते. ग्रीस लावलेले रबर झटकन सरकते, ताणलेले रबर सरळ दिसते आणि सिलिकॉनने गळती थांबते. परिणाम दिसायला काही महिने, कधी दोन-तीन वर्षे जातात आणि तोवर दोष नव्या रबराच्या माथी मारून लोक मोकळे झालेले असतात. दरम्यान दाराच्या तळाचा पत्रा आतून सडत राहतो. ज्या गाडीचे पत्रे पुन्हा मिळणार नाहीत तिच्या बाबतीत हे नुकसान कायमचे ठरते, म्हणून त्या सल्ल्यातले एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

प्रथम रबराच्या निवडीविषयी. दाराच्या रबराकडे फट बुजवणारे भरण म्हणून पाहिले की पुढची सगळी गणिते चुकतात. ते दाबले गेल्यावर उलट दाब देते आणि त्या उलट दाबामुळेच पाणी, धूळ आणि वारा अडतो. हा दाब किती असेल हे रबराच्या आडव्या छेदावर ठरते : पोकळ नळी, तिच्याखालचा पाया, एखादा पातळ ओठ, पत्र्याची कड धरून ठेवणारी खाच. पोकळ रबर सर्वसाधारणपणे आपल्या उंचीच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत दाबले गेले, की ते नीट काम करते. बाहेरून तेवढ्याच जाडीचे दिसणारे, पण आतून भरीव किंवा मूळ रबरापेक्षा कडक असलेले रबर लावले, तर दार लॉकच्या पहिल्या, म्हणजे अर्धवट लागलेल्या टप्प्यावरच अडते. जुन्या गाड्यांसाठी नव्याने बनवल्या जाणाऱ्या रबरांमध्ये हा फरक वरचेवर आढळतो, म्हणून नवे आणि जुने रबर शेजारी-शेजारी कापून त्यांचे छेद ताडून पाहावेत. शिवाय पोकळ नळीला ठरावीक अंतरावर बारीक छिद्रे असतात आणि दार लागताना आतली हवा त्यांतून बाहेर पडते. ती नसतील किंवा चिकटवताना गोंदाने बुजली, तर रबर हवा भरलेल्या ट्यूबसारखे दाराला परत ढकलते.

रबर कशाचे आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. जुन्या गाड्यांची मूळ रबरे बहुधा नैसर्गिक रबराची, एसबीआरची (स्टायरीन-ब्युटाडाईन या कृत्रिम रबराची) किंवा १९३० च्या दशकात बाजारात आलेल्या निओप्रीन या कृत्रिम रबराची असत. ईपीडीएम हे कृत्रिम रबर त्यानंतर, १९६० च्या दशकात वापरात आले. नैसर्गिक रबर आणि एसबीआर यांच्या रेणुसाखळीत दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमक्या त्या बंधांवर हल्ला करतो. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्यामुळे ते ऊन, पाऊस आणि ओझोन चांगले सोसते. दारे, काचा आणि डिकी यांच्यासाठी म्हणूनच ते उत्तम. मात्र तेच ईपीडीएम पेट्रोल आणि खनिज तेलात फुगते, त्यामुळे इंधन भरण्याच्या नळीभोवती ते चालत नाही. तिथे नायट्राइल रबर लागते. ‘कोणतेही चालते’ हे विधान एवढ्या एका ठिकाणीही टिकत नाही.

रबर मागवण्याआधी फट मोजावी, हे तर त्या सल्ल्यात कुठेच येत नाही. जुने रबर काढल्यावर दाराच्या चौकटीभोवती वीत-दीड वीत अंतरावर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे गोळे ठेवावेत, त्यांवर पातळ प्लॅस्टिकचा कागद पसरावा, दार हलक्या हाताने लावून पुन्हा उघडावे आणि चपटे झालेले गोळे मधोमध कापून त्यांची जाडी मोजावी. बिजागरीकडे ४ मिलिमीटर आणि वरच्या कोपऱ्यात ११ मिलिमीटर अशी फट निघाली, तर जगातले कोणतेही रबर ती भरून काढू शकणार नाही. आधी बिजागऱ्या आणि दार जागेवर आणावे लागते, रबराचा विचार त्यानंतर करायचा.

जुने रबर ‘उपटून’ काढण्याविषयी. ते काढायचेच आहे, यात वाद नाही. पण ते उपटताना त्याच्यासोबत रंगाचे पापुद्रे निघतात आणि रबर कुठून सुरू झाले होते, जोड कुठे होता, कोणत्या बाजूला ओठ होता, ही सगळी माहितीही निघून जाते. काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि काढलेले रबर काम पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावे. कडक झालेला गोंद आधी कोमट हवेने मऊ करून प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडावा. थिनर ओतून तो विरघळवण्याचा मोह टाळावा, कारण थिनर गोंद आणि रंग यांच्यात भेद करत नाही. पुढची काच वाचवायची असेल आणि रबर टाकूनच द्यायचे असेल, तर बाहेरचा ओठ सुरीने पूर्ण कापून काच उचलून घेणे, हे आतून रेटा देण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

रबराखालून जे दिसते, ते खरे काम. जुन्या गाडीत काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत पत्र्याच्या कडेवर गंज सापडला नाही, असे क्वचितच होते. तो धातूपर्यंत घासून काढावा, गंजरोधक प्रक्रिया करावी, इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि मग रंग. यात दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. एक म्हणजे पुटी आणि रंगाचे थर चढून पत्र्याची कड जाड झाली, तर रबराची खाच तिच्यावर बसत नाही, तिचे तोंड उघडे राहते. दुसरे म्हणजे रंग वरून वाळलेला दिसला तरी आतून द्रावक बाहेर पडत असते. अशा रंगावर रबर दाबून बसवले, तर रंगावर त्याचा ठसा उमटतो आणि काही वेळा रबर रंगाला चिकटून बसते. किती दिवस थांबायचे, हे रंगाच्या प्रकारावर आणि उत्पादकाच्या सूचनेवर ठरवावे. ‘अर्ध्या दिवसाचे काम’ या दाव्याचे उत्तर इथेच मिळते.

व्हॅसलीन आणि ग्रीस यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. खाचेत बसणारे रबर सरकण्यासाठी काहीतरी निसरडे लागते, हे खरे. पण ही दोन्ही पेट्रोलियमपासून बनलेली असतात आणि नैसर्गिक रबर काय, ईपीडीएम काय, त्यांतले तेल शोषून फुगते, नरम पडते आणि आकार सोडते. साबणाचे पातळ पाणी किंवा ग्लिसरीन हेच काम कोणतीही हानी न करता करते. गोंदाने चिकटवायच्या रबराला तर काहीच निसरडे लागता कामा नये. उलट, साच्यातून सुटावे म्हणून कारखान्यात लावलेला पदार्थ नव्या रबराच्या पृष्ठभागावर राहिलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसून काढला नाही, तर उत्तम गोंदही काही आठवड्यांत सुटतो. रबर निघाले की लोक गोंदाला नावे ठेवतात, ती बहुतेक वेळा या न पुसलेल्या थरामुळे.

आता सर्वांत घातक विधान : ‘चांगले ताणून बसवा.’ ताणलेले रबर सतत मूळ लांबीकडे परतू पाहते. आज जोडाशी टोकाला टोक भिडलेले असले, तरी काही महिन्यांनी तिथे बोटभर फट पडलेली दिसते. कोपऱ्यात ताणलेली पोकळ नळी आतल्या बाजूला ओढली जाऊन चपटी होते, म्हणजे जिथे पाणी शिरण्याची शक्यता जास्त, तिथेच दाब सर्वांत कमी राहतो. याहून मोठे कारण ओझोनचे आहे. दुहेरी बंध असलेल्या रबरावर ओझोनच्या भेगा पडतात त्या ते ताणाखाली असतानाच, आणि त्या ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. सैल ठेवलेले तेच रबर कितीतरी जास्त काळ टिकते. म्हणजे सुरकुती टाळण्यासाठी दिलेला हिसका रबराचे आयुष्य पहिल्याच दिवशी कमी करतो.

योग्य रीत नेमकी उलटी आहे. डब्यात गुंडाळून आलेले रबर काही तास उबदार जागी मोकळे पसरून ठेवावे, म्हणजे त्याचे पीळ सुटतात. मग गोंद न लावता ते संपूर्ण चौकटीभोवती मास्किंग टेपने धरून बसवून पाहावे; साच्यातून आलेले कोपरे असतील तर आधी ते जागेवर ठेवावेत आणि मधले सरळ भाग नंतर. दार लावून पाहावे. सगळे जुळले की पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि वीत-दोन वीत अंतराने गोंद लावत पुढे जावे. गोंद दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून तो बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मगच रबर दाबायचे, कारण एकदा चिकटल्यावर ते सरकवता येत नाही. कोपऱ्यावर आल्यावर एका हाताच्या अंगठ्याने आधीचा भाग धरून ठेवावा आणि दुसऱ्या हाताने रबर त्याच्याकडे किंचित रेटत वळवावे, म्हणजे वळणात थोडे जास्तीचे रबर जाते आणि नळी गोल राहते. शेवटी जोडाशी ते काही मिलिमीटर जास्त ठेवून धारदार पात्याने काटकोनात कापावे आणि टोके एकमेकांवर दाबून जोडावीत. जोड शक्यतो खालच्या बाजूला असावा.

सिलिकॉनविषयी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पुढच्या काचेच्या खाचदार रबरात काच आणि रबर, तसेच रबर आणि पत्रा यांच्यामध्ये कधीही कडक न होणारे मॅस्टिक, म्हणजे चिकट लांबीसारखे भरण, घालण्याची जुनी, मान्य पद्धत आहे. पुढे काच काढायची झाली तर ते सहज सुटते. घरगुती सिलिकॉन ही वेगळी वस्तू. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, ते घट्ट होताना असेटिक आम्ल सोडते आणि उघड्या लोखंडाला त्यापासून गंज लागतो. शिवाय जिथे सिलिकॉनचा अंश राहतो, तिथे पुढे रंग धरत नाही, फोड आणि खड्डे पडतात.

त्याहून वाईट म्हणजे ‘शंका वाटेल तिथे’ भरणे. दाराच्या काचेला बाहेरून लागून असलेली पट्टी पाणी पूर्ण थांबवू शकत नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नसते. काही पाणी दाराच्या पोटात उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. आतल्या पॅनेलमागे लावलेला प्लॅस्टिकचा पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. केबिन ओली झाली की लोक तळाची छिद्रे सिलिकॉनने बंद करतात, पाणी दारातच साचते आणि पत्रा आतून सडायला लागतो. अशा वेळी तपासायला हवा तो फाटलेला पडदा.

पुढच्या काचेबाबत तो सल्ला ‘दाबून बसवा’ एवढ्यावरच आटोपतो. लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली) कडेवर एका ठिकाणी आलेला दाब सोसत नाही. रबर आधी काचेभोवती बसवायचे, काही गाड्यांत चकचकीत पट्टीही याच वेळी त्यात घालायची, मग पत्र्यासाठीच्या खाचेत एक मजबूत गुळगुळीत दोरी सगळीकडे फिरवून तिची टोके खालच्या मध्यभागी एकमेकांवरून ओलांडून आत सोडायची. साबणाचे पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. बाहेरचा माणूस तळहाताने, जिथे दोरी निघत आहे तिथेच दाब देतो आणि आतला माणूस दोरी काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढतो. दोरीच्या मागोमाग रबराचा ओठ पत्र्यावरून आत येतो. कुठे अडले तर थांबून ओठ प्लॅस्टिकच्या पट्टीने मोकळा करावा. इथे घाई केली तर काचेला तडा जाऊ शकतो.

दार आपटण्याच्या मुद्द्यात एक तथ्य आहे : नवे स्पंजी रबर काही काळ दाबाखाली राहिले की थोडे बसते. पण त्यासाठी दार लॉकच्या दुसऱ्या टप्प्यावर लावून रात्रभर तसेच ठेवणे पुरते. आपटल्याने बिजागऱ्या, काचेची यंत्रणा आणि लॉक यांना हिसके बसतात. रबराला त्याचा काहीच उपयोग होत नाही. आठवडाभरातही दार सहज लागले नाही, तर स्ट्रायकर (चौकटीवरचा, लॉक ज्यात अडकते तो भाग) सैल करून थोडा थोडा बाहेर घ्यावा आणि दर वेळी कागदाची पट्टी दारात धरून ओढून पाहावी. ती सगळीकडे सारख्या अडखळत्या जोराने निघायला हवी. कुठे सुळकन निघाली तर तिथे दाब नाही, आणि फाटली तर तिथे तो जास्त आहे.

ब्रेक ऑइलच्या पुरवणीला फार शब्द नकोत. रबर कडक होते ते हवेतील ऑक्सिजनमुळे त्याच्या साखळ्यांमध्ये नवे बंध तयार झाल्यामुळे आणि मऊ ठेवणारी द्रव्ये उडून गेल्यामुळे. वरून काही चोळून हे बदल उलटत नाहीत. नेहमीचे ग्लायकोलचे ब्रेक ऑइल मात्र शेजारचा रंग उचलून काढते.

काम झाल्यावर पाण्याची चाचणी घ्यावी, पण प्रेशर वॉशरने नव्हे. साध्या पाइपची हलकी धार खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी आणि आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला असावा. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळते आणि गळती नेमकी कुठे आहे हे कळत नाही. पाणी दिसले की धार तिथेच थांबवून त्या जागेवर टेपचा तुकडा लावावा, सर्व वाळल्यावर तिथे कागदाची पट्टी पुन्हा ओढून पाहावी आणि दोष दाबात आहे, जोडात आहे की पत्र्याच्या कडेत आहे, हे ठरवून त्यानुसार दुरुस्ती करावी.