गाड्यांच्या सिनेमावर ठाम मत कसं बाळगावं

स्ट्रीट रेसिंगचा सिनेमा बघायला जाताना मत घरूनच घेऊन निघावं. बघून झाल्यावर मत बनवायला बसलात तर उशीर होतो. तोवर बाकीच्यांचं भांडून झालेलं असतं. बाजारात मतं मोजकीच आहेत. त्यातलं अंगाला बसेल ते उचला.

सगळ्यात मानाचं मत जाणकाराचं. त्याला गाडी चालवता यायला हवी असं मुळीच नाही, बोटं मोजता आली की पुरे. २००१ चा 'द फास्ट अँड द फ्युरिअस' सरावासाठी उत्तम. शर्यत क्वार्टर माईलची, म्हणजे ४०२ मीटरची, आणि सगळी चर्चा 'दहा सेकंदांच्या' गाडीची. दहा सेकंदांत ४०२ मीटर म्हणजे सरासरी वेग ताशी १४५ किलोमीटर. पडद्यावर मात्र पहिली शर्यत मिनिट उलटून गेलं तरी संपत नाही. एका मिनिटात ४०२ मीटर धरले तर वेग येतो ताशी २४. हा हिशेब मध्यंतरात शेजाऱ्याला ऐकवा. तो खुर्ची बदलेल, तुम्हाला हात ठेवायला जागा होईल.

मग गिअर मोजा. उभ्या गाडीने क्वार्टर माईल मारायला साधारण तीन-चार वेळा गिअर टाकावा लागतो. सिनेमात बोटं कमी पडतात, कारण दर वेळी हात खटकन पुढे गेला की संकलकाला कात्री चालवायला कारण मिळतं. तसंच, नायक मागे पडला की तो पॅडल आणखी खाली दाबतो. म्हणजे इतका वेळ शर्यतीत तो अर्ध्याच पॅडलवर होता. याबद्दल त्याला कोणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.

डबल क्लचबद्दल मात्र तोंड उघडायलाच हवं. याच सिनेमात तो मारला नाही म्हणून नायकाला सुनावलं जातं आणि प्रेक्षागृह माना डोलावतं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून पुन्हा दाबायचा, मग पुढचा गिअर, ही पद्धत सिंक्रोमेश, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नसलेल्या गिअरबॉक्सची. खालचा गिअर टाकताना मध्ये रेस देऊन दात जुळवायला ती खरी कामी येते. सरळ रेषेत वरचे गिअर टाकत सुटलेल्या माणसाने ती वापरली तर प्रत्येक गिअरमागे वेळच जाईल. म्हणजे ज्या चुकीसाठी नायकाला बोलणी बसली, तीच त्याच्या हातून झालेली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

नायट्रसवर बोलताना आवाज जरा खाली आणावा, समोरचा दबतो. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे इंजिनाची ताकद क्षणभर वाढवायला सोडतात तो वायू, स्वतः जळत नाही. इंजिनातल्या उष्णतेने तो फुटतो आणि हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन देतो. त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवावं लागतं. पेट्रोलचा जेट, म्हणजे ते सोडणारी तोटी, लहान पडला की मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं आणि पिस्टनला भोक पडतं. इंजिन हळू फिरत असताना बटण दाबलं तर वायू आणि पेट्रोल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, साचतं आणि तिथेच भडका उडून त्या वाटेच्या नळ्या, म्हणजे मॅनिफोल्ड, उडू शकतं. त्यामुळे याच सिनेमात नायकाच्या गाडीतला लॅपटॉप मॅनिफोल्डला धोका असल्याचं सांगतो, त्याला उगाच हसू नका. त्या दृश्यात तेवढंच यंत्र शुद्धीवर आहे. हसायचंच तर लगेच गळून पडणाऱ्या तळाच्या पत्र्याला हसा. त्या बिचाऱ्याचा इनटेकशी काडीचा संबंध नाही.

दुसरं मत अगदी सोपं: 'सगळं कॉम्प्युटरवर केलंय.' हे कुठेही चालतं, पण याच मालिकेतल्या २०११ च्या 'फास्ट फाइव्ह'मधल्या तिजोरीबद्दल जपून वापरा. दोन गाड्यांच्या मागे फरफटत जाणाऱ्या त्या तिजोरीला लोक पैजेवर खोटी ठरवतात. चित्रीकरणासाठी तशा अनेक खऱ्याखुऱ्या तिजोऱ्या बनवल्या होत्या, आणि एकीच्या पोटात तर चालकासकट आख्खं वाहन होतं. खोटं वाटलं ते खरं निघतं आणि डबल क्लच शास्त्र म्हणून खपतो. एवढ्यासाठी मत बदलायचं कारण नाही, फक्त पैज लावू नका.

खऱ्याला खोटं म्हणण्याची आणखी एक उमदी संधी मालिकेतल्याच २००६ च्या 'टोकियो ड्रिफ्ट'मध्ये आहे. ड्रिफ्ट म्हणजे मागची चाकं घसरवत आडवं वळण घेणं. 'मित्सुबिशी इव्हो चारही चाकांवर चालते, ती अशी ड्रिफ्ट होईलच कशी?' हा प्रश्न विचारणाऱ्याचं गाडीचं ज्ञान पक्कं असतं. पण चित्रीकरणातल्या त्या इव्होंची पुढच्या चाकांची ताकद काढून त्या फक्त मागच्या चाकांवर आणल्या होत्या. याच सिनेमात १९६७ च्या मस्टँगच्या बॉनेटखाली निसान स्कायलाइनचं आरबी२६ इंजिन बसवलेलं दाखवलंय. अमेरिकन गाडीचे भक्त आणि जपानी इंजिनाचे भक्त एकाच फटक्यात दुखावले जाणं असं क्वचितच होतं.

तिसरं मत 'जुनं ते सोनं'वाल्यांचं. गाड्यांच्या पाठलागासाठी गाजलेला १९६८ चा 'बुलिट' म्हणावं, डोळे मिटावेत, पाठलागात पार्श्वसंगीत नाही, फक्त इंजिनांचा आवाज आहे, असं सांगावं. तोच पाठलाग पुन्हा बघायचा आग्रह कोणी धरला तर काम निघालं म्हणून उठावं. नाहीतर तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन:पुन्हा मागे पडताना दिसते आणि खलनायकांच्या चार चाकी गाडीची चारापेक्षा जास्त व्हीलकॅप निखळतात.

'कथा कुठाय?' आणि 'भावनिक आहे हो' ही दोन मतं नवशिक्यांसाठी. त्यांना तयारी लागत नाही.

वेग खोटा असल्याचं मात्र जरूर म्हणा, ते बहुधा बरोबर निघतं. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २० फ्रेमवर चालवून नेहमीच्या वेगाने दाखवला की ताशी ६० ची गाडी ७२ ने जाताना दिसते. पकडायचं असेल तर गाडीकडे बघू नका. कडेने चालणाऱ्या माणसांचे हात बघा, ते घाईत हलतात.

मत किती दिवस टिकवायचं, हे विचारून घ्या. 'टोकियो ड्रिफ्ट' आला तेव्हा मूळ नटमंडळींशिवाय ही मालिका कसली म्हणून अनेकांनी नाकं मुरडली, आणि मालिकेत सर्वात कमी कमाई त्याचीच झाली. आता त्यालाच मालिकेतला खरा गाड्यांचा सिनेमा म्हणणारे भेटतात. तुमचं मत २००६ चं असेल तर तारीख न सांगता ते दोन्ही बाजूंनी वापरता येतं.