अस्सल शाओलिन गुरू व्हायचंय?

आधी वंशावळ. ती चीनला गेलेल्या बोधिधर्म या भारतीय भिक्षूपासूनच सुरू करा. आपल्याकडे हा माल हातोहात खपतो, कारण गुरू कांचीपुरमचा, म्हणजे कुंग फू आपलंच! चीनमधला शाओलिन मठ 495 साली बाटुओ या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठी उभारला गेला, हे सांगत बसू नका. बोधिधर्माने कसरती शिकवल्या असं सांगणारी ‘यीजिन जिंग’ ही पोथी 1624 ची आहे. ती जुनी वाटावी म्हणून तिला आधीच्या दोन सेनापतींच्या नावाने प्रस्तावना चिकटवल्या आहेत. त्यातला एक तर सुरुवातीलाच कबूल करतो की मी शिपाईगडी, मला अक्षरओळख नाही. निरक्षर माणसाने लिहिलेली प्रस्तावना! याहून भक्कम पुरावा कुठला?

तरी कुणी कागद मागितलाच, तर 1928 पुढे करा. त्या साली शी यूसान या सेनानीने मठ पेटवला, ग्रंथालय खाक झालं. तुमची पोथी त्यातच गेली, संपलं.

काठीच्या नादी लागू नका. सोळाव्या शतकात शाओलिनचं नाव होतं ते मुठीपेक्षा काठीसाठी, पण काठी शिकायला वर्षं जातात. त्यापेक्षा उड्या बऱ्या. 1982 च्या ज्या चित्रपटाने शाओलिनला गर्दी खेचली, त्याचा नायकही भिक्षू नव्हता, वूशू या चिनी युद्धकला-खेळातला बीजिंगचा विजेता होता.

आता वीट. आधी ती उन्हात कडकडीत वाळवा. ओली वीट तुटत नाही, मनगट तुटतं. दगडावर पूर्ण टेकवू नका, पुढची कड बोटभर उचलून धरा. हात पडला की वीट दगडावर आपटते आणि दगडच ती फोडतो. टाळ्या मात्र हाताला. गळ्यावर भाला टेकवणाऱ्यांचं गुपितही असंच, दांड्यात. तो मेणकाठी या चिनी लाकडाचा असतो, वेतासारखा लवतो आणि जोर तिथेच जिरतो. पातं बोथट असतं, हे वेगळं सांगायला नको. (सागवानी दांड्याने हा प्रयोग केला तर पुढचा कार्यक्रम पंचनाम्याचा.)

भिक्षूंना दीक्षेच्या वेळी टाळूवर देत ते उदबत्तीचे डाग? 1983 मध्ये चीनच्या बौद्ध संघटनेने ती प्रथा बंद केली. तुम्ही मार्कर वापरा, पण घाम येण्याआधी आटपा.

राहिलं प्रमाणपत्र. 2025 च्या जुलैत त्याच संघटनेने खुद्द शाओलिनच्या मठाधिपतींचं दीक्षापत्र रद्द केलं. तुम्हाला ती भीती नाही. मुळात दिलेलंच नाही, ते रद्द काय करणार? फी तेवढी वर्षाची आगाऊ घ्या.