मधला डबा

आज सकाळी आठ वाजता, मी अजून दात घासत असताना, सबमर्सिबल मोटारी भरून देणारे एक मिस्त्री मल्टिमीटर आणि पान्यांची पिशवी घेऊन आमच्या अमळनेरच्या घरी माझे दोन स्पीकर दुरुस्त करायला आले. माझे स्पीकर बिघडलेले नाहीत. ते बिघडलेले नाहीत हे सिद्ध करण्यातच माझा मागचा रविवार खर्ची पडला होता, आणि मिस्त्रींचे आगमन हा त्या रविवारचा निकाल होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वरच्या मजल्यावरच्या दहा बाय चौदाच्या खोलीत गेली दोन वर्षे मी होम थिएटर उभारतो आहे. पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा रीतसर पाच पॉइंट एकचा थाट आहे. पण त्यात पुढच्या दोन बाजूंना आहे ती मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली, १९७०च्या दशकातली विलायती जोडी. सागवानी रंगाची पेटी, दहा इंची वूफर, म्हणजे खर्जाचा आवाज काढणारा मोठा शंकू, आणि वूफरच्या भोवती फोमची कड. ही कड पॉलियुरेथेनची असते आणि पंधरा-वीस वर्षांत आपोआप कुजते, त्यामुळे मी बोट लावताच ती ओल्या गुळाच्या भुग्यासारखी हातात आली. नवी कड चिकटवताना आतली कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, चुंबकाच्या फटीत बरोबर मध्यावर राहावी लागते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरचीही मोकळी जागा नसते. त्यासाठी मी वडिलांच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून कॉइलभोवती खोचल्या. (वडिलांनी तो एक्स-रे नंतर तीन वेळा मागितला. मी अजून शोधतो आहे.) भिंतींवरचा घुमारा मारायला चार इंची जाडीच्या कापसाच्या चौकटी करवून घेतल्या, तेव्हा गादीवाल्याने बाळ कितव्या महिन्यात आहे असे विचारले. हेही मी सोसले.

मग रविवारी मामा आले. मामा बोरी नदीकाठच्या गावचे, आयुष्यभर कापूस आणि मका केलेले, आणि कोणत्याही वस्तूकडे पाहून ती कितीला घेतली आणि कितीला मिळाली असती हे सांगण्याचा अधिकार असलेले गृहस्थ आहेत. मी त्यांना खोलीच्या नेमक्या मध्यावर, दोन्ही मोठ्या स्पीकरांपासून सारख्या अंतरावर असलेल्या खुर्चीत बसवले आणि एका गायिकेचे भजन लावले.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे, कारण माझी सगळी फजिती त्या शास्त्रातच आहे. दोन स्पीकरांतून एकच आवाज सारख्या जोराने आणि एकाच क्षणी कानांवर आला, तर मेंदूला तो दोघांच्या बरोबर मधून, जिथे काहीच नाही अशा जागेवरून येतो असे वाटते. स्टिरिओची सारी जादू ती हीच. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने डिसेंबर १९३१मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून, याचा त्याला चित्रपटगृहात वैताग आला होता असे सांगतात. माझ्या खोलीत त्या दिवशी गायिका साक्षात दोन्ही पेट्यांच्या मधोमध उभी होती. मला भरून आले. मामांनी डोळे मिटले होते, आणि मला वाटले, लागली समाधी.

मामांनी डोळे उघडले आणि अहिराणीत म्हणाले, “भाचा, ह्या दोन मोठ्ला डबा बंद शेतस.”

मधोमध, टीव्हीच्या खाली, सेंटर स्पीकर नावाचा एक आडवा, लहानसा, नवाच डबा आहे. चित्रपटातले संवाद त्यातून येतात. डावी आणि उजवी अशा दोनच बाजूंसाठी ध्वनिमुद्रित केलेले गाणे ऐकताना तो गप्प असतो. सगळा आवाज त्यातूनच येतो आहे, असा मामांचा निष्कर्ष होता. मी हसत हसत त्याची वायर काढून दाखवली. गाणे चालूच राहिले. मामा म्हणाले की आजकाल सगळे वायरशिवायच चालते, त्यांच्या नातवाच्या कानातलेही तसेच आहे. मी तो डबा उचलून जिन्यात नेऊन ठेवला. गायिका होती तिथेच गात होती. मामांनी क्षणभर विचार केला आणि सांगितले की मग तो टीव्हीतून येत असणार. टीव्ही बंद आहे म्हटल्यावर त्यांनी खालच्या लाल दिव्याकडे बोट दाखवले. मी टीव्हीचा प्लग काढला.

तेव्हा मामा स्वतः उठले आणि तपासायला डाव्या पेटीकडे गेले. आता, कान ज्या स्पीकरच्या जवळ जातो त्याचा आवाज आधी पोहोचतो, आणि मेंदू सगळे श्रेय त्यालाच देऊन टाकतो. चित्रपटगृहात पडद्यामागे मधला स्पीकर ठेवतात तो याचसाठी, की कडेच्या खुर्चीतल्या माणसालाही संवाद मधूनच यावेत. मामांना डाव्या पेटीतून आवाज आला. “हाऊ चालू व्हयना!” ते उजवीकडे गेले. तिथे उजवी बोलू लागली आणि डावी, त्यांच्या मते, बंद पडली. ते पुन्हा खुर्चीत बसले, दोन्ही बंद. त्यांनी अत्यंत करुणेने माझ्याकडे पाहिले आणि निदान केले, “लूज कनेक्शन शे.”

इथे माझा तोल गेला हे कबूल करतो. मी पेट्यांच्या मागे वाकून दोन्ही मोठ्या स्पीकरांच्या वायरी उपटल्या. खोलीत चिडीचूप शांतता पसरली. मी विजयी मुद्रेने वळलो. मामा म्हणाले, “देख, चालू व्हता तो बी बंद पाडी दिना.”

मग किंमत विचारली गेली. खोटे बोलायला हवे होते; मी बेचाळीस हजार सांगितले. रात्री शेवभाजी जेवून मामा गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत, भाच्याला मुंबईवाल्यांनी दोन बंद डबे गळ्यात मारले ही वार्ता पारोळ्यापर्यंत पोहोचली. मामींचा फोन आला की फेकू नकोस, झाकण बसवले तर डाळ राहील.

मला राग मामांचा नाही. राग याचा आहे की याच मामांच्या गल्लीत लग्नसराईत डीजेची गाडी उभी राहते, खिडक्यांच्या काचा आणि म्हाताऱ्यांची छाती एकाच तालात थरथरते, आणि त्या आवाजाला कोणी बिघाड म्हणत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती नवरदेवाच्या घोड्याच्या नालांनीसुद्धा ओलांडली जात असावी. आवाज छातीवर आदळला नाही तर तो वाजलाच नाही, असे आमच्याकडे आता ठरून गेले आहे, आणि मी मूर्खासारखा एका गायिकेला तीन फूट डावीकडून मध्यावर आणण्यासाठी खडूने फरशीवर रेघा मारत बसलो होतो.

तर आज मिस्त्री आले. मामांनीच पाठवले होते, त्यामुळे परत पाठवणे शक्य नव्हते. त्यांनी आदराने पेटी फिरवली, मागची पट्टी वाचली, वायरी सोडवल्या आणि मल्टिमीटर लावले. स्पीकरवर आठ ओम लिहिलेले असले तरी मीटरवर सहाच्या आसपासच दिसतात, कारण आठ हा चालू संगीतातला, वर-खाली होणारा रोध असतो आणि मीटर फक्त तारेचा मोजते. हे मला ठाऊक होते. मोटारीत मात्र वाइंडिंगचा रोध कमी दिसला की आतले वेढे एकमेकांना चिकटून जळाले असे समजतात, आणि हे मिस्त्रींना ठाऊक होते.

“साहेब, आठ लिखेल शे, सहाच दाखाडस,” ते गंभीरपणे म्हणाले. “दोन गयात.”

दुसऱ्या पेटीतूनही दोन ओम गेलेले निघाले. मी काही बोललो नाही. त्यांनी दोन्हींचे तांबे किती लागेल याचा अंदाज सांगितला, अ‍ॅल्युमिनियममध्ये स्वस्त पडेल असेही सुचवले, चहा घेतला आणि पेट्रोलचे दोनशे रुपये नको नको म्हणत खिशात घातले. निघताना त्यांची नजर टीव्हीखालच्या आडव्या डब्याकडे गेली. रविवारपासून त्याची वायर मी जोडलेलीच नाही. त्यांनी त्यावर बोटाने टकटक केले, कान लावला आणि मान डोलावली.

“हाऊ एक मात्र संभाळी ठेवा.”