पांढरं जाणं म्हणजे हाडं विरघळणं नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या कोपरखैरण्यातल्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच मला आणखी तिघींनी पाठवला. मजकूर असा: अंगावरून पांढरं जाणं म्हणजे उष्णतेनं हाडं विरघळणं. तुरटीच्या पाण्यानं आतून धुवा, तांदळाचं धुवण प्या. खाज असेल तर मेडिकलमधून बुरशीची एक गोळी आणा. नवऱ्याला सांगायची गरज नाही.

मी लॅबमध्ये असे नमुने रोज बघते, म्हणून गप्प बसवेना.

हाडांचा इथे काही संबंध नाही. हा स्राव गर्भाशयाच्या मुखाशी आणि योनीत तयार होतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरतो, पुढे दाटसर होतो, गरोदरपणात वाढतो. वास, खाज, जळजळ काहीच नसेल तर औषध लागत नाही. थकवा वाटतो? मग हिमोग्लोबिन बघा.

तुरटीनं मात्र खरंच नुकसान होतं. योनीतले लॅक्टोबॅसिलस हे चांगले जिवाणू तिथली आम्लता राखतात, पीएच साधारण ३.८ ते ४.५. आतून धुतलं की तेच कमी होतात आणि वासाचे जिवाणू माजतात. बाहेरून साध्या पाण्यानं धुतलं की पुरे.

आता ती गोळी. खाज म्हणजे बुरशी, असं धरून चालणंच चूक आहे. बुरशीत खाज जास्त, स्राव दह्याच्या कवड्यांसारखा. जिवाणूंचं असंतुलन असेल तर पातळ, राखाडी, आणि स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की मासळीचा वास येतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडा जिवाणू चिकटून साखर भुरभुरल्यासारख्या दिसतात. तिसरा ट्रायकोमोनास, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी: पिवळट-हिरवा, कधी फेसाळ स्राव, आणि खाज त्यातही असते. सलाइनच्या थेंबात तो झटके देत वळवळतो, पण नमुना ताजा लागतो. उशीर झाला की निपचित पडतो आणि ओळखू येत नाही. फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी साध्या बुरशीवर चालते, बाकी दोन्हींवर नाही. त्यांना डॉक्टर बहुधा मेट्रोनिडाझोल देतात, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदर बाईनं तर ती बुरशीची गोळी स्वतःहून अजिबात घेऊ नये. आणि बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

नवऱ्याचं म्हणाल, तर ट्रायकोमोनासमध्ये त्यालाही औषध द्यावंच लागतं, त्याला काही त्रास नसला तरी. नाहीतर बाईला तो संसर्ग परत होतो. लाज वाटत असेल तर सरकारी रुग्णालयांतली सुरक्षा क्लिनिक याच कामासाठी आहेत. तिथे तपासणी आणि औषधं मोफत असतात, नाव गुप्त राहतं.

तांदळाच्या धुवणानं अपाय नाही, पण दिवस वाया जातात. आमच्या मजल्यावरच्या एका मावशींची पाळी जाऊन चार वर्षं झाली. दोन महिने त्यांना तपकिरी, दुर्गंधी पाणी जातंय आणि त्या धुवण पितायत. पाळी गेल्यानंतर असा रक्ताळ स्राव आला तर कर्करोग तर नाही ना, हे आधी बघायचं असतं. ताप आणि ओटीपोटात दुखत असेल तर तेही अंगावर काढू नये. सोमवारी मी सुट्टी टाकली आहे. वाशीच्या महापालिका रुग्णालयात मावशींबरोबर जातेय.