शरीराचं ऐका, पण या संदेशाचं नको

ताणतणावावरचा एक संदेश सध्या फोनाफोनी फिरतोय. त्याचा सारांश असा: शरीर कधीच खोटं बोलत नाही. रात्री तीनला जाग येते, कारण दडपलेलं दुःख फुप्फुसांत साठलेलं असतं. पहाटे चारला उठणं हीच निसर्गाची लय. डोळे मिटून शरीरात उतरा, त्रास झाला तर ताण बाहेर पडतोय असं समजा. जमेल तितका खोल श्वास घ्या. एवढं केलंत की गोळ्यांची गरजच उरत नाही.

शरीराकडे लक्ष द्या, हे यातलं म्हणणं मला मनापासून पटतं. म्हणूनच बाकीचं खोडून काढणं गरजेचं वाटतं. आधीच थकलेली माणसं हा संदेश वाचतात आणि त्यावर विसंबतात.

पहिला मुद्दा, शरीर खोटं बोलत नाही. शरीर फक्त संवेदना पाठवतं, अर्थ लावतो मेंदू, आणि तिथे चूक होऊ शकते. छातीत धडधड घ्या. जिना चढल्यावर होते, जास्त कॉफीने होते, रक्त कमी असेल किंवा थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तरी होते, भीतीनेही होते. आतून ती जवळपास सारखीच जाणवते. पॅनिक अटॅकमध्ये नेमकं हेच घडतं. एक ठोका जोरात जाणवतो, ‘हृदयाला काहीतरी झालं’ असं वाटतं, त्या भीतीने ठोके आणखी वाढतात आणि मग खात्रीच पटते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६मध्ये हे चक्र नेमकेपणाने मांडलं. अशा माणसाला ‘तुझं शरीर खरंच सांगतंय’ म्हणणं म्हणजे त्याला त्या चक्रात आणखी ढकलणं. शरीराची जाण म्हणजे आधी संवेदना नुसती टिपणं, ‘छाती आवळल्यासारखी वाटतेय, खांदे वर चढलेत’ इतकंच, आणि अर्थ लावायची घाई न करणं. हे सवयीने जमतं.

रात्री तीनला जाग येण्याचं कारण फुप्फुसांत शोधायला नको, ते झोपेच्या रचनेत आहे. झोप साधारण ९० मिनिटांच्या आवर्तनांत चालते. गाढ झोप बहुतेक पहिल्या काही तासांत होऊन जाते, पुढे हलकी आणि स्वप्नांची झोप वाढते. दोन आवर्तनांच्या सांध्यावर क्षणभर जाग सगळ्यांनाच येते, बहुतेकांना ती आठवतही नाही. शरीराला जागं व्हायला मदत करणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि उत्तररात्री हळूहळू चढू लागतं. ताणाखाली असलेल्या माणसाची ही छोटी जाग लांबते, कारण डोळे उघडताच काळजी तयारच असते. त्यात हा संदेश वाचलेला असला तर हात आधी फोनकडे जातो. ‘पुन्हा तीनच!’ आणि झोप उडते. घड्याळ नजरेआड ठेवा. बराच वेळ झोप आली नाही तर उठून मंद उजेडात शांत बसा, डोळे जड झाले की परत आडवे व्हा. रोजच असं होत असेल तर डॉक्टरांशी बोला, नैराश्यातही झोप अशी लवकर मोडते.

पहाटे चारचा आग्रह तर सरळ चुकीचा. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २० हजार चेतापेशींचा एक पुंजका शरीराचं मुख्य घड्याळ चालवतो. त्याची स्वतःची फेरी बहुतेकांत २४ तासांहून किंचित लांब असते आणि डोळ्यांत शिरणारा उजेड ती रोज जुळवून घेतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं. पण सगळ्यांची घड्याळं एकाच वेळी लावलेली नसतात. कुणी लवकर झोपणारं, कुणी उशिरा, आणि यात अनुवंशिकतेचाही वाटा आहे. किशोरवयात हे घड्याळ उशिराकडे सरकतं. बाराला झोपून चारला उठणाऱ्याची झोप चारच तास होते, प्रौढांना किमान सात लागतात, आणि अपुरी झोप स्वतःच ताण वाढवते. उठायची वेळ रोज तीच ठेवा, उठल्यावर बाहेरच्या उजेडात जा, संध्याकाळनंतर दिवे मंद करा. लय सावरायला याचा उपयोग होतो. आणि रात्रपाळी करणाऱ्या नर्सला, पहारेकऱ्याला ‘तुम्ही निसर्गाविरुद्ध जगता’ असं सुनावू नये. त्यांच्या हातात वेळापत्रक नसतं.

खोल श्वासाबद्दल थोडक्यात: खोल नको, संथ हवा. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. मनगटावर दोन बोटं ठेवा आणि श्वास नेहमीसारखाच घ्या, पण लांबवत सोडा. घेताना नाडी जराशी भरभर, सोडताना जराशी सावकाश चालते, कित्येकांना ते बोटांखाली कळतं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके सावकाश करणाऱ्या व्हेगस या चेतेचा लगाम घट्ट होतो, म्हणून असं होतं. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास पुरेत.

मला सर्वांत जास्त खटकतं ते ‘त्रास झाला तर ताण बाहेर पडतोय’ हे वाक्य. पायापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेण्याची पद्धत चांगली आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या, ताण हाताळायला शिकवणाऱ्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात ती आहे, शिकवायला माणूस असतो. पण मारहाण, अत्याचार, अपघात सोसलेल्याला डोळे मिटून आत उतरलं की तीच भीती भेटू शकते. शिथिल होतानाच घाबरं होणं मानसशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. हातपाय बधिर वाटू लागले, आपण शरीराबाहेर आहोत असं वाटलं, श्वास अडकला, तर तिथेच थांबा. डोळे उघडा. तळवे जमिनीवर दाबा, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्या. पुढच्या वेळी छाती-पोटाऐवजी हातांपासून सुरुवात करा: मूठ पाच सेकंद आवळा, सोडा, सोडल्यावर बोटांत काय होतं ते बघा. तेही नको वाटलं तर चाला आणि टाच कशी टेकते तेवढ्याकडे लक्ष द्या. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर एकट्याने करू नका, समुपदेशक गाठा.

राहिल्या गोळ्या. नैराश्यावरची औषधं एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या रोज घेत असताना अचानक बंद केल्या तर झटकेही येऊ शकतात. संदेश वाचून बसलेला माणूस त्यालाही ‘ताण बाहेर पडतोय’ असंच समजेल. औषध कमी करायचं असेल तर ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटला असेल, दम लागत असेल, तर डोळे मिटून बसू नका, ताबडतोब रुग्णालयात जा.